आमच्या हुर्योचा अर्थ : एडीसीसीच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
आयोजन समिती,
एडीसीसी (अबू धाबी कॉम्बॅट क्लब) सबमिशन ग्रॅपलिंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धा

विषय : प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांकडे होणारे दुर्लक्ष आणि त्याबाबतच्या मागण्या

महोदय,

सादर नमस्कार.

ठोसे-लाथा न मारता केवळ पकडींनी समोरच्याला हार मानायला लावण्याचा खेळ म्हणजे ग्रॅपलिंग. त्याच्या आपल्या स्पर्धेत लढत चालू असताना प्रेक्षागारातून जो आवाज उठतो, तो आपल्यापर्यंत पोहोचत नसेल असे मला वाटत नाही. दोघे जण उभे राहून एकमेकांची मनगटे झटकत असतात, डोक्याला डोके लावून ढकलाढकली चालू असते, कितीतरी वेळ कोणी कोणाला खाली आणत नाही, आणि मग एका कोपऱ्यात सुरू झालेली हुर्यो बघता बघता सगळीकडे पसरते. या हुर्योला आपल्या खेळाच्या वर्तुळात एक ठरलेले उत्तर आहे, ते म्हणजे प्रेक्षकांना खेळ कळत नाही. हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते मुकाट्याने ऐकून घेणे मला जमेनासे झाले आहे. म्हणून हे पत्र. ते खासगीत न पाठवता उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांच्याविषयी ते आहे त्या प्रेक्षकांनीही ते वाचावे आणि माझे कुठे चुकत असेल तर तेही उघडपणे सांगावे, अशी माझी इच्छा आहे.

मी नावाजलेली खेळाडू नाही. २०१७ साली फिनलंडमधल्या एस्पो येथे झालेल्या आपल्या स्पर्धेतील एक लढत पाहून मी या खेळाकडे ओढली गेले. क्रेग जोन्स नावाच्या, तोवर फारसे कोणाला माहीत नसलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूने लिआंद्रो लो यांच्यासारख्या कसलेल्या विश्वविजेत्याची पाठ घेतली, म्हणजे मागे जाऊन त्यांना पकडले, आणि गळा आवळून त्यांना हार मानायला लावली. ती लढत मी किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. पुढे स्वतः सराव सुरू केला, काही लहान स्पर्धा लढले, त्यांतल्या बहुतेक हरले, आणि एका गुडघ्याने साथ सोडल्यापासून माझा जास्त वेळ मॅटवर जाण्याऐवजी मॅटकडे पाहण्यात जातो. माझे वजन ५२ किलो आहे. ही माहिती इथे अनावश्यक वाटेल, पण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आपल्या स्पर्धेचा उगम लक्षात घेतला, तर माझी पहिली तक्रार समजायला सोपी जाईल. शेख तहनून बिन झायद यांनी १९९८ मध्ये अबू धाबी येथे ही स्पर्धा सुरू केली, ती जिउ-जित्सू, कुस्ती, ज्युदो, रशियन सांबो अशा वेगवेगळ्या परंपरांमधल्या लोकांना एकाच मॅटवर, कोणालाही परके वाटणार नाहीत अशा नियमांखाली लढता यावे म्हणून. त्यामुळे अंतिम लढतीआधीच्या फेऱ्यांतल्या १० मिनिटांच्या लढतीत पहिली ५ मिनिटे गुणच दिले जात नाहीत. त्या वेळात लढत जिंकायची, तर ती निकालीच, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावूनच, जिंकावी लागते. गुणांची भीती नसल्यामुळे खेळाडू धोका पत्करतात, डाव फसला तरी उठून दुसरा टाकतात. जगातल्या कोणत्याही ग्रॅपलिंग स्पर्धेतली मला सर्वांत आवडती ५ मिनिटे कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच सांगेन.

अडचण पुढच्या ५ मिनिटांत सुरू होते. खाली आणण्याचे कधी २ गुण मिळतात, तर कधी ४. खाली आलेला खेळाडू गार्डमध्ये, म्हणजे समोरच्याला पायांनी अडवून धरण्याच्या स्थितीत, सावरला की त्याचे पाय ओलांडून वरच्याने सरळ ताबा मिळवला, यावर ते ठरते. ताबा ३ सेकंद टिकला, तरच गुण. गार्ड ओलांडल्याचे ३, माउंटचे, म्हणजे समोरच्याच्या अंगावर बसल्याचे, २, पाठ घेऊन दोन्ही पाय आत अडकवल्याचे ३. आणि स्वतःहून बुड टेकून गार्डमध्ये बसणाऱ्याला उणे एक. या उणे एकवर जागतिक स्पर्धेतल्या लढती ठरतात. फलकावर शून्य विरुद्ध उणे एक दिसते, एकाचा हात वर होतो, आणि ज्याने तिकीट काढून हे पाहिले त्याला आपण नेमके काय पाहिले हे कळत नाही. बसणाऱ्याला दंड असल्यामुळे दोघेही उभेच राहतात; उभे राहून चुकले तर ४ गुण जातील म्हणून धाडसही करत नाहीत; आणि झटापट मॅटच्या कडेला गेली की पंच ती थांबवून मध्यभागी आणतात. मी वर सांगितलेली हुर्यो बहुतेक वेळा इथे उठते. ती दोन खेळाडूंच्या अंगावर पडते, पण ते दोघे नियमांनी दाखवलेला सर्वांत शहाणपणाचा मार्गच धरत असतात. अशा वेळी प्रेक्षकांना अडाणी ठरवणे म्हणजे दुखणे पायाला आणि पट्टी डोक्याला असा प्रकार आहे.

प्रेक्षकांना खेळ कळत नाही म्हणणाऱ्यांनी २०१९ मधली अनाहाइमची स्पर्धा आठवावी. लॅक्लन जाइल्स ७७ किलोच्या गटात पहिल्याच फेरीत हरले होते. वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटात उतरल्यावर त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या तिघांना टाच पिळणाऱ्या हील हुकच्या पकडीने नमवले, आणि त्यांतले कायनान दुआर्ते हे त्याच स्पर्धेत ९९ किलोवरील गटाचे विजेते होते. कांस्यपदक मिळवणारा हा माणूस काय करत होता? बसत होता. बुड टेकून समोरच्याच्या पायांत शिरत होता. एरवी ज्या कृतीला शिट्ट्या पडतात, त्याच कृतीला त्या दिवशी लोक जागेवरून उठून दाद देत होते, कारण तिच्यातून काय निघणार आहे हे एकदा दिसल्यावर दुसऱ्या लढतीत कोणाला समजावून सांगावे लागले नाही. त्याही आधी, २००३ मध्ये साओ पाउलोत, तीन वेळा विजेते ठरलेल्या रॉयलर ग्रेसी यांना काळ्या पट्ट्याच्या एक पायरी खाली, तपकिरी पट्ट्यावर असलेल्या एडी ब्राव्हो यांनी पायांच्या त्रिकोणात अडकवून हार मानायला लावली, तेव्हा ते ग्रेसींच्याच देशातले, ब्राझीलमधले मैदान होते. तरीही काय घडले याबद्दल तिथल्या कोणाच्या मनात शंका राहिली नाही. निकाली लढतीला दुभाष्या लागत नाही. गुणांवरच्या लढतीला लागतो, आणि तो पुरवणे हे आयोजकाचे काम आहे.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी लढत सुरू होताच खाली बसलेल्या एका खेळाडूविषयी मी समाजमाध्यमावर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या विनोदी होत्या असे तेव्हा वाटले होते. पुढे कळले, की त्याच्या खांद्याला दुखापत होती आणि उभ्याने लढणे त्याला शक्यच नव्हते. ओळी मी काढून टाकल्या, पण तोवर त्या अनेकांनी पुढे पाठवल्या होत्या. आम्हा प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत असा पोरकटपणा आणि कधी कधी उघड क्रौर्यही असते, हे मी नाकारत नाही. आमची प्रत्येक आरोळी बरोबर असते असा माझा दावा नाही. आरोळी का उठली याची चौकशी कोणी करत नाही, याबद्दल माझी तक्रार आहे.

दुसरा मुद्दा पंचांच्या निर्णयांचा. अतिरिक्त वेळेनंतरही गुण समान राहिले, तर पंच एकाला विजयी घोषित करतात. त्याला माझी हरकत नाही. कोणीतरी निर्णय घेतलाच पाहिजे, आणि लढत अनंत काळ चालवता येत नाही. पण कोण अधिक आक्रमक होता, कोणाची पकड निकालाच्या अधिक जवळ आली होती, यांपैकी कोणत्या कारणाने निर्णय झाला, हे हरलेल्याला सांगितले जात नाही, जिंकलेल्यालाही नाही, आणि हजारो लोकांना तर नाहीच. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका लहान स्पर्धेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, अतिरिक्त वेळेनंतर पंचांनी माझ्या प्रतिस्पर्धीचा हात वर केला. मी अदबीने कारण विचारले. “निर्णय झाला आहे,” एवढेच उत्तर मिळाले. निर्णय कदाचित योग्यही असेल. पण त्या रात्री मी लढतीचे चित्रीकरण सात वेळा पाहिले आणि सातही वेळा मला वेगळे कारण सापडले. अशा वेळी माणूस कारण शोधण्याऐवजी हेतू शोधू लागतो: पंच अमक्या गटाचे आहेत, तमक्या प्रशिक्षकाचे मित्र आहेत. आपल्या स्पर्धेनंतर दर वेळी असेच आरोप उठतात, आणि त्यांतले बहुतेक निराधार असावेत असे मला प्रामाणिकपणे वाटते. निराधार आरोपाला आधार मिळतो तो मौनातून.

आता २०२४ विषयी. याबद्दल मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे झाले.

आपली स्पर्धा १७ आणि १८ ऑगस्टला लास व्हेगासच्या टी-मोबाइल अरीनामध्ये होती. त्याच शहरात, १६ आणि १७ ऑगस्टला क्रेग जोन्स यांनी स्वतःची वेगळी स्पर्धा भरवली, तीही थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी जिथे आपली स्पर्धा झाली होती त्याच वास्तूत. ८० किलोखालील आणि ८० किलोवरील अशा दोन्ही गटांच्या विजेत्यांना प्रत्येकी १० लाख डॉलर, आणि नुसते लढायला येणाऱ्या प्रत्येकाला १०,००१ डॉलर. तो वरचा एक डॉलर कशासाठी होता हे सगळ्यांनाच कळले. आपल्याकडे पुरुषांच्या वजनी गटात चार लढती जिंकून जगज्जेता ठरणाऱ्याला १०,००० डॉलर मिळत होते. शिवाय त्यांचे प्रक्षेपण यूट्यूबवर विनामूल्य होते, आणि आपले पाहायला वर्गणी भरावी लागत होती.

त्या काळात प्रेक्षकांची सरळ दोन शकले झाली. आपल्याकडे राहिलेल्यांना कोणी लाचार म्हटले, तिकडे गेलेल्यांना कोणी कृतघ्न म्हटले. वर्षानुवर्षे एकत्र सराव करणाऱ्या माझ्या ओळखीच्या माणसांनी यावरून एकमेकांशी बोलणे सोडले. हा वाद खेळाडूंच्या निष्ठेचा करून टाकला गेला, मुळात तो होता मोबदल्याचा. ज्या माणसाला वर्षभराची तयारी, प्रशिक्षक, प्रवास आणि दुखापतींवरचे उपचार स्वतःच्या खिशातून करावे लागतात, त्याने जिथे हजर राहण्याचेच अधिक पैसे मिळतात तिथे जाऊ नये, असे त्याला सांगणारी मी कोण?

या फाटाफुटीत प्रेक्षकांचे काय गेले, ते एका उदाहरणावरून सांगते. २०२२ मध्ये ७७ किलो गटात केड रुओटोलो यांनी वयाच्या १९ व्या वर्षी चारही लढती निकाली जिंकून विजेतेपद मिळवले. आपल्या स्पर्धेचा इतका तरुण विजेता त्यापूर्वी झाला नव्हता. अंतिम लढतीत त्यांनी मिका गाल्व्हाव यांना हरवले होते. ते दोघे पुन्हा समोरासमोर येतील, या एका आशेवर आम्ही दोन वर्षे काढली. २०२४ च्या त्या ऑगस्टमध्ये दोघेही लास व्हेगासमध्ये होते आणि दोघेही जिंकले. फक्त एक टी-मोबाइल अरीनात जिंकला आणि दुसरा काही किलोमीटरांवरच्या थॉमस अँड मॅकमध्ये. गाल्व्हाव यांच्या सुवर्णपदकाचे अभिनंदन करणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली कोणीतरी “पण रुओटोलो नव्हता” असे लिहीत होता, आणि त्या बिचाऱ्याने त्याला काय उत्तर द्यावे? जो समोर आला त्याला त्याने हरवले. विजेत्याच्या पदकावर हा डाग पडू नये याची काळजी घेणे त्याच्या हातात नव्हते. ज्यांच्या हातात होते त्यांनी बक्षिसाची रक्कम वर्षानुवर्षे जिथल्या तिथे ठेवली आणि वाद पेटल्यावरही तिचा जमाखर्च लोकांसमोर मांडला नाही. दुसऱ्या बाजूनेही तारीख निवडताना प्रेक्षकांचा विचार केला होता असे मी म्हणणार नाही. पण हे पत्र आपल्याला आहे.

स्त्रियांच्या लढतींबाबत आधी आभार मानते, कारण ते मनापासूनचे आहेत. २०२२ मध्ये आपल्याकडे स्त्रियांसाठी ६० किलोखालील आणि ६० किलोवरील असे दोनच गट होते. माझ्यासारख्या ५२ किलोच्या मुलीने जागतिक स्पर्धेचे स्वप्न पाहायचे, तर आठ किलो अंगावर वागवतच पाहायचे, आणि ६० च्या वरचे सगळे एकाच गाठोड्यात. २०२४ मध्ये आपण ५५, ६५ आणि ६५ वरील असे तीन गट केले आणि स्त्रियांसाठी खुला गटही ठेवला. त्याच वर्षी काय झाले? ५५ किलोच्या, म्हणजे सर्वांत हलक्या गटाची विजेती अदेल फोर्नारिनो खुल्या गटातही जिंकली. ती लढत पाहताना मी दुखऱ्या गुडघ्याचे भान न ठेवता उडी मारली आणि पुढचे दोन दिवस लंगडत होते. स्त्रियांच्या लढती कोणाला बघायच्या असतात, असे म्हणणाऱ्यांना त्या दिवशीच्या आरोळ्यांनी उत्तर दिले आहे. (आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी मात्र त्या वर्षी स्त्रियांसाठी स्पर्धेचा एकही गट ठेवला नव्हता, नुसती निमंत्रितांची लढत ठेवली होती. दहा लाखांच्या कौतुकात ही गोष्ट फार कमी लोकांनी बोलून दाखवली.)

तरीही पुरुषांच्या गटात १६ जण आणि स्त्रियांच्या गटात ८ जणी, हे प्रमाण २०२४ मध्येही तसेच राहिले. आठ जणींच्या गटात पात्रता स्पर्धा जिंकून येणाऱ्यांच्या जागा किती उरणार? एखादीची एक लढत वाईट गेली, तर पुढची संधी दोन वर्षांनी. पहिल्या दिवशी एकाच वेळी अनेक मॅटवर लढती चालतात, आणि त्या गर्दीत आठ जणींच्या गटाची पहिली फेरी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे कळतही नाही. पुरेशा खेळाडू नाहीत हे कारण एकेकाळी खरे असेल. जागा मिळाल्या तरच खेळाडू तयार होतात, हे ५५ किलोच्या गटाने एका वर्षात दाखवून दिले आहे.

निमंत्रणांबाबत थोडक्यात: पात्रता स्पर्धा जिंकून काही जण येतात, उरलेल्यांना आपण बोलावता. कोणाला आणि का, याचे निकष जाहीर नसतात. नाव जाहीर होताच वाद सुरू होतो, आणि त्या वादाचा मार पुन्हा निमंत्रित खेळाडूलाच बसतो.

उत्तेजक द्रव्यांची चाचणी आपल्या स्पर्धेत होत नाही. त्यावर प्रेक्षक विनोद करतात, काही खेळाडूही करतात, आणि विषय हसण्यावारी जातो. चाचणी घ्यावी की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, खर्चाचा प्रश्नही खरा आहे. पण उद्या जे सोळा-सतरा वर्षांचे मूल त्या मॅटवर उभे राहण्याची स्वप्ने पाहत सराव करते आहे, त्याला आपले धोरण काय आहे हे विनोदांतून कळावे, हे मला पटत नाही.

या सगळ्याचा विचार करून माझ्या मागण्या पुढे मांडते. त्यांतली पहिली सर्वांत स्वस्त आहे आणि पुढच्या पात्रता स्पर्धेपासून अमलात येऊ शकते. गुण समान असताना दिलेल्या प्रत्येक निर्णयानंतर पंचांनी ध्वनिक्षेपकावर एका वाक्यात कारण सांगावे, आणि २ किंवा ४ गुण, उणे गुण, निष्क्रियतेची ताकीद यांपैकी काहीही दिले गेले, की ते कशासाठी दिले हे मोठ्या पडद्यावर त्याच क्षणी दिसावे. तीन-चार शब्द पुरतील. खाली बसणाऱ्याला दंड ठेवायचा असेल तर ठेवावा, पण उभ्याने वेळ काढणाऱ्या दोघांनाही त्याच तत्परतेने ताकीद मिळावी.

दुसरी मागणी पैशांची. प्रत्येक गटातील प्रत्येक क्रमांकाची रक्कम, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला प्रवास, निवास आणि मानधन म्हणून काय मिळते, हे तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वी जाहीर करावे. रक्कम वाढवता येत नसेल तर का येत नाही, तेही सांगावे. जमाखर्च पाहिल्यावर कदाचित आम्हीच आपली बाजू घेऊ. त्याच सुमारास निमंत्रणांचे निकष प्रसिद्ध व्हावेत, आणि प्रत्येक निमंत्रणाबरोबर त्याचे कारणही यावे. २०२४ सारखी तारखांची टक्कर पुन्हा होणार असे दिसले, तर दुसऱ्या बाजूशी बोलणी करण्याचा निदान प्रयत्न व्हावा, आणि तो फसला तर कुठे फसला हे प्रेक्षकांना कळावे.

स्त्रियांच्या तिन्ही गटांत १६ जागा असाव्यात. एकदम जमत नसेल, तर कोणत्या वर्षापर्यंत जमेल ते वर्ष सांगावे.

चाचणीबाबतचे धोरण, ते कोणतेही असो, लेखी असावे.

आणि शेवटचे. स्पर्धा संपल्यावर महिनाभरात एक दिवस असा ठेवावा, की ज्या दिवशी मुख्य पंच आणि आयोजक प्रेक्षकांनी आधी पाठवलेल्या प्रश्नांना उघडपणे उत्तरे देतील, वादग्रस्त लढतींची चित्रफीत पुन्हा दाखवतील, आणि निर्णय चुकला असेल तर चुकला म्हणतील. निकाल बदलावा असे मी म्हणत नाही. त्याच वेळी आपल्या अधिकृत पानांवर हरलेल्या खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना उद्देशून जी घाण लिहिली जाते, ती काढून टाकण्याची जबाबदारीही आपण घ्यावी. माझ्यासारखीच्या दोन ओळी तिथे सापडल्या तर त्याही काढाव्यात.

आपली स्पर्धा सहसा दोन वर्षांतून एकदा होते, त्यामुळे वेळ नाही ही सबब आपल्यापाशी नाही. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको आहे. ते आपल्या पुढच्या नियमपत्रकात आले, तर मी ते तिथेच वाचीन.

आपली,
५२ किलो वजनाची एक प्रेक्षक